तिला समुद्र मानवला नाही

पुसदमध्ये निवृत्त माणसाला दोनच कामं असतात. सकाळी फिरायला जायचं आणि उरलेला दिवस कुठं जाऊन राहायचं यावर बोलायचं. फिरायला जाणारे चहाच्या टपरीपुढे सहसा जात नाहीत आणि राहायला जाण्याच्या गोष्टी करणारे स्वतःच्या फाटकापुढे जात नाहीत. कुणाला पुण्यात मुलाजवळ राहायचं असतं, फक्त सुनेला ते अजून कळलेलं नसतं. कुणाला नागपुरात फ्लॅट हवा असतो, कारण तिथं मोठे दवाखाने आहेत; म्हणजे आजारी पडायला आतापासूनच जागा धरून ठेवायची. अलीकडे या यादीत समुद्राची भर पडली. हे मोबाईलने केलं. आकाशातून काढलेले समुद्राचे व्हिडिओ, मागे बासरी, आणि एखादा एजंट मधाळ आवाजात सांगतोय की आयुष्याची संध्याकाळ इथे घालवा. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर, ज्यांनी पूस नदीच्या पुलावरूनही कधी खाली वाकून पाहिलं नसेल, ते मला समुद्राच्या हवेचे फायदे समजावून सांगू लागले. तुम्हाला पोहता येतं का, असं मी त्यांना विचारलं. त्याचा इथं काय संबंध, असं ते म्हणाले.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. तीस वर्षांहून जास्त काळ स्थानकाच्या त्या खिडकीत बसून मी माणसं पाहिली. गाडीत बसणारा प्रत्येक जण काहीतरी मोठं मिळवायला चाललोय अशा तोऱ्यात असतो आणि आठ दिवसांनी सुजलेले पाय घेऊन त्याच फलाटावर उतरतो. कुठंही गेलं तरी माणूस तोच परत येतो, हे मला जितकं माहीत आहे तितकं कुणाला नसेल. म्हणून माझ्या घरात जागा बदलण्याचं खूळ शिरेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि शिरलंच तर ते बायकोच्या डोक्यात शिरेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

माझी बायको आरोग्य सेविका होती. आम्ही दोघंही बंजारा, तांड्यावरचे. ती शिकली, नर्सिंगचा कोर्स केला आणि मग सगळी नोकरी आमच्याच भागातल्या तांड्यांमध्ये आणि वाड्यांमध्ये लसीचा डबा खांद्याला लावून फिरली. मे महिन्यात, डांबर पायाला चिकटतं तेव्हासुद्धा. तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. सोनं नाही, फिरायला जाणं नाही, घराला रंगसुद्धा नाही. मी याला तिचा समजूतदारपणा म्हणायचो आणि लोकांना कौतुकाने सांगायचो. तिच्या निरोप समारंभाची शाल कपाटात गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "मले समुद्राजवळ राह्याचं हाये."

समुद्र तिने एकदाच पाहिला होता. नोकरीच्या सुरुवातीला कसल्याशा प्रशिक्षणाला मुंबईकडे नेलं होतं, तेव्हा परतीच्या वाटेवर बस अर्धा तास किनाऱ्याला थांबवली होती. सगळ्याजणी फोटो काढत बसल्या आणि ही साडी धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली. एवढंच. या अर्ध्या तासावर म्हातारपण उभं करायचं म्हणजे काय ते मला समजेना. तिने हट्टाने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. तेव्हा मला तिचा राग आला. आज मला माझी लाज वाटते, पण ते पुढे.

लोक जागा कशी निवडतात? देऊळ पाहतात, बाजार पाहतात, एजंटच्या गाडीत बसून चहा पितात. हिने वेगळंच काढलं. शाळेची दोनशे पानी वही आणली आणि किनाऱ्यावरच्या एकेका गावाला एकेक पान दिलं. मग ओळखीच्या ओळखीतून त्या त्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरचा नंबर मिळवला आणि फोन लावून विचारू लागली. तुमच्याकडं लोकांना काय काय होतं? खोकला किती? बीपी-शुगर किती? पावसाळ्यात पायाला चिखल्या होतात का? साप चावल्यावर इंजेक्शन कुठं मिळतं? म्हाताऱ्या बाया सकाळी बाहेर पडतात की घरातच पडून असतात? पलीकडची सिस्टर आधी बिचकायची, मग ही आपल्यातलीच आहे म्हटल्यावर तासभर बोलायची. दोघीजणी दुसऱ्यांच्या आजारपणावर इतक्या रंगून बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ज्या गावात माणसं निव्वळ म्हातारपणाने मरतात ते गाव चांगलं, हा तिचा हिशेब होता.

मी या वहीची जेवढी टिंगल करता येईल तेवढी केली. गाव निवडतेस की वॉर्ड, असं विचारलं. मास्तरांना बोलावून वाचून दाखवली. एका पानावर तिने लिहिलं होतं, "सिस्टर चांगली. बोलताना घाई नाही." हे गाव राहायला योग्य असल्याचं लक्षण आहे, असं तिचं म्हणणं होतं. मास्तर थोडं हसले आणि मग ते पान स्वतः वाचू लागले. माझ्याइतकं त्यांना हसू आलं नाही, हे मला आवडलं नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र मी जपून ठेवला होता आणि एका संध्याकाळी ओट्यावर तो काढला. आपले पूर्वज बैलांवर धान्य लादून समुद्रापर्यंत जात, हे मी तिला ऐकवलं. तिथून मीठ भरून घेत आणि परत फिरत. पिढ्यान् पिढ्या गेले आणि पिढ्यान् पिढ्या परत आले. तिथं थांबण्यासारखं काही असतं तर एखादा तरी तांडा थांबला नसता का? मला वाटलं यावर उत्तर नाही. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याइच्या बायकाइले कोणी इचारलं होतं?"

शेवटी वहीतलं एक गाव ठरलं. गावाचं नाव मी सांगत नाही; त्या गावाने माझं काही वाईट केलेलं नाही. एकदम घर घ्यायचं नाही, आधी एक महिना भाड्याने राहून पाहायचं आणि तोही मे महिना, ही अट माझी. जी जागा मे महिन्यात टिकते ती बाराही महिने टिकते, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. पावसाळ्यात कुणीही कुठंही सुखी असतो. तिने अट लगेच मान्य केली. महिना मानवला तर घर पाहायचं, नाही मानवला तर विषय बंद, हे दोघांनीही बोलून घेतलं.

आणि मी कूलर बरोबर घेतला.

आता यावर कोकणातली माणसं हसतील, ती हसलीच. पण यवतमाळकडच्या माणसाला मे महिन्यात कूलरशिवाय कुठं जा म्हणणं म्हणजे अन्नाशिवाय राहा म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे लग्नात मुलीला कूलर देतात. हॉलमध्ये एक, आतल्या खोलीत एक, आणि पाहुणे आले की कुणाच्या तोंडावर झोत धरायचा यावरून माणसाचा मान ठरतो. तिथं कूलर लागत नाही म्हणतात, असं बायको एकदा म्हणाली. म्हणणाऱ्यांनी मे पाहिला नसेल, असं मी म्हणालो. तिने सुचवलं की निदान पाणी झिरपतं त्या वाळ्याच्या ताट्या तरी कूलरला नव्या बसवा, जुन्यांना वास येतो. एका महिन्यासाठी नव्या कशाला, म्हणून मी जुन्याच ठेवल्या. भाड्याच्या जीपच्या टपावर पत्र्याचा तो कूलर दोरीने आवळून आम्ही निघालो. वाटेत ढाब्यांवर लोक वर बोट दाखवत होते. मी मिशीला पीळ देऊन चहा पीत होतो.

गाव माझ्या अपेक्षेइतकंच वाईट निघालं. माती लाल आणि तीही उतारावर. अशा मातीत आमचा माणूस म्हैससुद्धा बांधणार नाही. बाजारात ज्वारी मागितली तर दुकानदाराने मला मधुमेह आहे का विचारलं. सकाळी भात, दुपारी भात, आणि पाहुणचार म्हणून तांदळाची भाकरी. कुणाला पत्ता विचारला तर तो खाली जा, वर या, असं सांगे, डावं-उजवं नाहीच. समुद्र तर दिवसातून दोनदा आपली जागा सोडून जायचा आणि ज्या गोष्टीसाठी आपण आठशे किलोमीटर आलो तिच्या जागी ओला चिखल ठेवायचा. मी हे सगळं रोज संध्याकाळी बायकोला मोजून दाखवत असे. ती हूं हूं करी आणि चपला घालून किनाऱ्यावर निघून जाई.

ती तिथं वेगळीच झाली होती. हे मला लिहावंच लागेल. घरमालकीण साठीपलीकडची विधवा बाई, तिच्याशी हिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. दोघी सकाळी वाळूतून चालायला जात. उपकेंद्रातली सिस्टर, तीच बोलताना घाई न करणारी, एकदा घरी येऊन गेली आणि आठवड्यातून एक दिवस लसीकरणाला मदत करायला याल का, असं हिला विचारून गेली. ही परत आली की पदराला वाळू आणि तोंडावर एक सैल भाव असे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण तो भाव माझ्या पाहण्यात नव्हता. आपल्याशिवाय हिचं इतकं बरं चाललंय हे मला सहन झालं नाही, एवढं साधं ते होतं.

दुपारी मात्र आम्ही दोघं घरात असू. आमच्याकडची सवय, बारा ते चार खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर चालू. पहिल्या दिवशी मी कूलर खिडकीत बसवला, पाणी भरलं, बटन दाबलं आणि झोत अंगावर घेत पलंगावर पडलो. अर्ध्या तासात लक्षात आलं की हे काही जमत नाहीये. गार होण्याऐवजी खोली चिकचिकू लागली. तापमान म्हणाल तर तेहतीस, म्हणजे आमच्याकडचा फेब्रुवारी. पण आमच्याकडे घाम दिसायच्या आत उडून जातो आणि इथं तो पाठीवर बसूनच राहतो. त्यात हा कूलर आणखी पाणी हवेत सोडत होता. तिसऱ्या दिवशी उशा ओलसर झाल्या, बरोबर नेलेले पापड वातड झाले, भिंतीवर हाताचा पंजा उमटू लागला. घरमालकीण दारातून आत डोकावून म्हणाली, "हे बंद करून खिडकी उघडा की. पाऊस जूनमध्ये येतोच आहे." मी तिला सांगितलं की आमच्याकडची पद्धत वेगळी आहे.

बायकोला चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला. दुपारी सुरू व्हायचा. पाचला ती किनाऱ्यावर गेली की थांबायचा. एका आठवड्यात छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला.

मी मूर्ख नाही. ताट्यांना बुरशी आली होती, ती मी पाण्याचा पाईप लावताना माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि वास तर दारातूनच येत होता. खोलीतला दमटपणा कुठून येतो हेही कळायला मला डॉक्टर नको होता. मी कूलर बंद करायला उठलो. बटनापर्यंत हात गेला. आणि तेव्हा ती पलंगावर खोकत म्हणाली, हवा मानवत नाही की काय. एवढंच म्हणाली, आणि तेही प्रश्न विचारल्यासारखं.

मी हात मागे घेतला. म्हणालो, "मले तं आधीपासूनच वाटून राह्यलं होतं. समुद्राची हवा हाये, सगळ्याइले नाई मानवत."

त्या दिवसापासून मी रोज दुपारी कूलरमध्ये स्वतः पाणी भरलं. कधी नव्हे ते तिला म्हणू लागलो की तू झोपून राहा, मी सगळं करतो. चहा करून दिला. छातीला बाम लावून दिला. एवढी सेवा मी तिची आजवर केली नव्हती. आणि प्रत्येक वेळी, झोत तिच्याकडे वळवताना, मी तिची काळजी घेतो आहे असंच मला वाटे, हे सगळ्यात घाणेरडं. माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलू शकतो ते मला त्या खोलीत समजलं. समजूनही मी पाणी भरत राहिलो. एकोणिसाव्या दिवशी ती म्हणाली, चला घरी. मी एका तासात सामान बांधलं. घरमालकिणीने उरलेल्या दिवसांचं भाडं परत द्यायचं म्हटलं, मी मोठ्या मनाने नको म्हणालो. जीपच्या मागच्या काचेतून बायको बराच वेळ मागे पाहत होती. घाट सुरू झाल्यावर ती पुढे वळून बसली आणि तिचा खोकला घरी पोचायच्या आत थांबला.

पुसदला आल्यावर लोकांनी विचारायचं ते विचारलं. ती सगळ्यांना एकच सांगे. गाव चांगलं होतं, पण हवा मानवली नाही. मी बाजूला बसून मान हलवत असे. वहीची उरलेली कोरी पानं किराण्याच्या यादीला लागली. मी जिंकलो होतो आणि त्याचा मला आनंदही होत होता. खोटं कशाला बोलू. मुलाने फोनवर आईला विचारलं, तर त्यालाही तिने तेच उत्तर दिलं. विषय खरोखरच बंद झाला. दोन वर्षं तो कुणी काढला नाही.

मग या फेब्रुवारीत मास्तर आणि त्यांची बायको आमच्याकडे आले. मास्तरांनी खरंच ठरवलं होतं. बोलबच्चन समजून ज्याला मी इतकी वर्षं हिणवलं, तो माणूस चार महिने राहून पाहायला निघाला होता. कुठं, तर त्याच गावात, त्याच घरमालकिणीकडे. तिचा नंबर त्यांनी हिच्याकडूनच घेतला होता. मास्तरीणबाईंना दमा आहे. त्या काळजीने म्हणाल्या, वहिनी, तुम्ही सिस्टर होता, तुम्हाला तिथं त्रास झाला, मग माझं कसं होईल? खरं खरं सांगा.

बायको चहाचे कप ट्रेमध्ये ठेवत होती. ती म्हणाली, "जा बिनघोर. हवा लय चांगली हाये तिथची. फक्त कूलर नेऊ नोका."

मास्तर हसले, मास्तरीणबाईंनी पदराने डोळे पुसत हसून घेतलं, आणि मीसुद्धा हसलो असेन. ते गेले. फाटक लागल्याचा आवाज झाला. ती भाजी निवडायला बसली. मेथीची जुडी होती. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं की तुला ठाऊक होतं का.

खोकल्याच्या तिसऱ्या दिवसापासून, असं ती म्हणाली. तेहतीस वर्षं लोकांच्या छातीला नळी लावून ऐकलं, स्वतःच्या छातीत काय वाजतंय ते तिला समजणार नाही असं मला कसं वाटलं, याचं तिला आश्चर्य वाटत होतं. बोलण्यात राग नव्हता. मला राग हवा होता. मी म्हणालो, बटन तर भिंतीवरच होतं, तुझ्या हाताला लागेल असं. तू का नाही बंद केला?

"मी पाहून राह्यली होती," ती म्हणाली, "तुमी कवा बंद करता ते."

पंधरा दिवस. ती खोकत होती आणि पाहत होती. मी चहा आणत होतो, बाम चोळत होतो, पाणी भरत होतो, आणि ती पलंगावरून हे सगळं पाहत होती. आणि मग दोन वर्षं, विचारणाऱ्या प्रत्येक माणसापुढे, तिने माझी लाज स्वतःच्या छातीवर घेतली. हवा मानवली नाही. तिने एकदाही माझ्याकडे पाहून ते सांगितलं नव्हतं, हे मला आत्ता आठवलं.

माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी नाही बसलो. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो, मेथीची एक काडी हातात घेतली आणि म्हणालो की आपण परत जाऊ. या वेळी कायमचं. घर विकायचं तर विकू. तू म्हणशील ते गाव, तू म्हणशील ते घर. सिस्टरबरोबर लसीकरणाला जा, वाळूत फिर, मी एक शब्द बोलणार नाही. कूलर इथंच भंगारवाल्याला देऊन टाकतो, आजच देतो. मी हे सगळं मनापासून बोललो. आयुष्यात फार कमी गोष्टी मी इतक्या मनापासून बोललो असेन.

आम्ही दोघं भांडतो ते गोरबोलीत, तांड्यावरच्या आमच्या भाषेत. ती मात्र आताही वऱ्हाडीतच बोलली, सावकाश, उपकेंद्रावर पेशंटच्या नातेवाइकाला एखादी गोष्ट नीट समजावून सांगावी तशी.

"नोका देऊ भंगारात, उन्हाळा तोंडावर हाये," ती म्हणाली. "आन् कूलर इथं ठेवला तरी, तुमी तं तिथंबी असानच ना."